पट्टा-करवत : पाते चाकावरून का सरते?

लाकूडकामाच्या कार्यशाळेत पट्टा-करवतीइतके बहुगुणी यंत्र दुसरे क्वचितच आढळेल. जाड ओंडक्याच्या फळ्या पाडणे, खुर्चीच्या पाठीचे वळणदार भाग कापणे, बैलगाडीच्या चाकाच्या पाटा काढणे, खेळण्यांचे आकार उतरवणे ही सर्व कामे हे एकच यंत्र करते; आणि वर्तुळाकार करवतीच्या मानाने भुशात जाणारे लाकूडही पुष्कळ वाचवते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तांत्रिक शाळा, आश्रमशाळांच्या कार्यशाळा आणि सुतारांचे छोटे कारखाने अशा अनेक ठिकाणी हे यंत्र आज दिसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामाचा समावेश करण्यात आला. प्रशिक्षण आणि सवलतीचे कर्ज यांच्या आधारे ग्रामीण कारागीर हाती चालवण्याच्या अवजारांकडून यंत्राकडे वळू शकतो. यास्तव हे यंत्र नीट चालते ठेवण्याचा प्रश्न केवळ कारागिराचा राहत नाही. संस्थाप्रमुख, शिक्षक आणि तपासणीस जाणारे अधिकारी यांनाही त्याची ओळख असणे हिताचे ठरते.

याचे कारण असे की, पट्टा-करवत बंद पडते ती बहुधा मोटार जळाल्यामुळे नव्हे. पाते चाकावरून सरकते, पुढेमागे डोलते, काप तिरका जातो, पात्यामागून पाते तुटते. आणि काही दिवसांत यंत्रावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लागते. वस्तुतः अशा यंत्रांपैकी पुष्कळांत कोणताही भाग मोडलेला नसतो. त्यांची जुळणी बिघडलेली असते, आणि ती दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात चार ठिकाणचे स्क्रू एकाच वेळी फिरवले गेल्यामुळे मूळ दोष आणखी झाकला गेलेला असतो. दोष शोधण्याला क्रम असतो. तो क्रम पाळला तर बहुतेक यंत्रे बाहेरच्या कारागिरावाचून पुन्हा चालू होतात. तो क्रम आणि त्यामागील कारणे समजावून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पाते हाच नाजूक घटक

पट्टा-करवतीची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी लांब पट्टीची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची विद्या अवगत नव्हती. चाकावरून सतत वाकत जाणारी पट्टी जोडापाशी तुटे, आणि म्हणून यंत्र व्यवहारात येऊ शकले नाही. फ्रान्समध्ये ॲन पॉलीन क्रेपँ या स्त्रीने १८४६ साली जोडाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे पॅरिसच्या पेरँ यांनी पात्याचे पोलाद सुधारले, तेव्हा कोठे हे यंत्र कारखान्यात रुळले. या इतिहासातून एक बोध घेण्यासारखा आहे. चाके, चौकट आणि टेबल प्रारंभापासून होतेच; यंत्राचे यश अडले होते ते पात्यापाशी. आजही यंत्र बिघडले की प्रथम संशय पात्यावर घ्यावा, चाकांवर नव्हे.

कार्यशाळेतील लहान यंत्राची रचना साधी असते. एकावर एक अशी दोन चाके. खालचे चाक मोटारीने फिरते. वरचे चाक पात्याला ताण देण्यासाठी वर-खाली सरकवता येते आणि थोडे पुढेमागे कलवताही येते. दोन्ही चाकांच्या कडेवर रबराची धाव बसवलेली असते. टेबलाच्या वर आणि खाली पात्याच्या दोन्ही बाजूंना आधार देणारे मार्गदर्शक ठोकळे किंवा बेअरिंगे असतात, आणि पात्याच्या पाठीमागे एक आधार-बेअरिंग असते. कार्यशाळांत चौदा इंची, म्हणजे सुमारे ३५० मिलिमीटर व्यासाच्या चाकांचे यंत्र पुष्कळ ठिकाणी आढळते. असे चाक मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर पाते मिनिटाला जवळजवळ १,००० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावते. ही गती ध्यानात ठेवली म्हणजे जुळणीतील किरकोळ चूकही किरकोळ का राहत नाही, हे उमगते.

फुगवट्याचे तत्त्व

पाते चाकावर टिकते कसे, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. चाकाला कडा नसते, खाच नसते, तरी अरुंद पट्टी मध्यावर राहते. याचे उत्तर जुन्या पिठाच्या गिरणीत सापडते. तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरणीतील सपाट पट्टा ज्या पुलीवरून फिरे, ती पुली मध्यभागी किंचित फुगीर असे. पट्टा एका अंगाला सरला की त्याचा एक भाग उतारावर आणि एक भाग चढावर येतो. त्यामुळे चाकावर नव्याने येणारा भाग चढाकडे वळून पडतो, आणि फिरता फिरता पट्टा आपण होऊन सर्वांत उंच जागी, म्हणजे मध्यावर येतो. लहान पट्टा-करवतीच्या धावेवर हाच फुगवटा असतो.

याला जोड असते ती वरच्या चाकाच्या कलाची. चाकाचा माथा मागे कलवला की पाते मागे सरते. पुढे कलवला की पुढे येते. यंत्राच्या पाठीमागे असलेली कलाची मूठ हेच काम करते. तिचा एक अष्टमांश फेरादेखील पाते स्पष्टपणे हलवू शकतो, म्हणून ती थोडी थोडी फिरवून, प्रत्येक वेळी चाक हाताने दोन-तीन वेळा फिरवून परिणाम पाहावा लागतो.

यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. पाते कोठे चालावे हे चाके, धाव आणि ताण ठरवतात. मार्गदर्शक ठरवत नाहीत. मार्गदर्शकांचे काम एवढेच की, लाकडाचा जोर आल्यावर पाते वळू नये आणि मागे रेटले जाऊ नये. चुकीच्या जागी चालणारे पाते मार्गदर्शकांनी ढकलून जागेवर आणण्याचा प्रयत्न केला, तर ठोकळे झिजतात, पाते तापते, त्याला बारीक तडे जातात आणि अखेर ते तुटते. ‘पाती फार तुटतात’ या तक्रारीमागे हे कारण वारंवार असते.

तपासणीचा क्रम

कोणत्याही तपासणीपूर्वी यंत्राची वीज मुख्य बटणापासून तोडावी. केवळ यंत्रावरील बटण बंद करणे पुरेसे नव्हे. पाते हाताळताना जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण वेटोळे सुटताना पाते उसळते. मात्र चालू यंत्रापाशी हातमोजे कधीही घालू नयेत. दातांत मोजा अडकला की त्याबरोबर हात ओढला जातो.

पहिली पायरी, पाते. पाते उतरवून स्वच्छ जागी ठेवावे. दात बोथट झाले आहेत काय, दातांमधील घळीतून तडे निघाले आहेत काय, राळ आणि भुसा चिकटला आहे काय, हे उजेडात पाहावे. सागवानाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे ते कापणाऱ्या पात्याची धार लवकर जाते. यानंतर जोड तपासावा. जोडाजवळची पात्याची पाठ सरळपट्टीला लावून धरली असता मध्ये कोन किंवा पायरी दिसता कामा नये. जोड वाकडा असलेले पाते कितीही जुळणी केली तरी प्रत्येक फेऱ्यात एकदा पुढेमागे डोलणारच. पाते पुन्हा चढवताना टेबलापाशी दातांची टोके खाली रोखलेली असावीत. ती वर असतील, तर पाते आतून बाहेर उलटवून घ्यावे.

दुसरी पायरी, धाव. रबरावर भुशाचा थर दाबून बसला असेल, तर फुगवट्याचा आकारच बदललेला असतो. कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत हा थर घट्ट होतो. लाकडाच्या चपट्या तुकड्याने तो खरवडून काढावा. पटाशी वापरू नये, कारण रबराला चीर पडते. रबर कडक होऊन तडकले असेल, सैल झाले असेल, किंवा मध्यभागी पाते चालून खळगा पडला असेल, तर धाव बदलण्यावाचून इलाज नाही. खळगा पडलेल्या धावेवर पाते नवीन असले तरी जुन्या वाटेनेच जाते.

तिसरी पायरी, बेअरिंगे. चाकाची वरची आणि खालची कड दोन हातांनी धरून पुढेमागे हलवून पाहावी. खडखड किंवा हालचाल जाणवली, तर बेअरिंग किंवा आसाचा नट सैल आहे. तो दोष दूर होईपर्यंत पुढील जुळणी व्यर्थ होय.

चौथी पायरी, मार्गदर्शक दूर करणे. टेबलाच्या वरचे आणि खालचे दोन्ही संच, तसेच दोन्ही आधार-बेअरिंगे पात्यापासून पुरती मागे घ्यावीत. पाते मोकळे असल्याखेरीज त्याची खरी चाल दिसत नाही. ही पायरी गाळल्यामुळेच अनेकांचे श्रम वाया जातात. विशेषतः टेबलाखालचा संच डोळ्याआड असल्याने तो विसरला जातो.

पाचवी पायरी, ताण. ताण देऊन मगच कल जुळवावा, कारण ताण बदलला की पाते चालण्याची जागा बदलते. यंत्रावरील ताणाची खूण जुन्या स्प्रिंगमुळे फसवी असू शकते. ढोबळ कसोटी अशी : मार्गदर्शकाचा दांडा टेबलापासून सुमारे १५ सेंटिमीटर वर घ्यावा आणि मध्ये पाते बोटाने बाजूने, दात टाळून, बेताने दाबावे. ते सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत हलले, तर सामान्य कामास ताण पुरेसा समजावा. याहून सैल पाते जाड लाकडात पोट धरते. फाजील ताणाने पात्याचे आणि बेअरिंगांचे आयुष्य घटते.

सहावी पायरी, कल. वरचे चाक हाताने कापण्याच्या दिशेने फिरवत कलाची मूठ हळूहळू फिरवावी. फुगीर धावेच्या लहान यंत्रावर पाते वरच्या चाकाच्या मध्यावर आणावे. पाते रुंद असेल, तर दातांमधील घळींचा तळ फुगवट्याच्या मध्यावर येईल असे पाहावे. कापणारी कड चाकाच्या मध्यावर आधारलेली राहते आणि काप सरळ येण्यास साहाय्य होते. जागा स्थिर झाल्यावर मुठीचा अडकनट घट्ट करून पुन्हा एकदा फिरवून पाहावे, कारण नट आवळताना चाक किंचित हलते. नंतर दोन्ही दारे बंद करून, बाजूला उभे राहून, यंत्र क्षणभर चालू करून बंद करावे. पाते जागेवर राहिले तरच ते पूर्ण गतीने चालवावे.

सातवी पायरी, मार्गदर्शक परत आणणे. बाजूचे ठोकळे दातांमधील घळींच्या किंचित मागे थांबावेत. ते पुढे आले तर वळवलेले दात घासून बिघडतात. ठोकळा आणि पाते यांत साध्या कागदाच्या जाडीएवढी फट ठेवावी. मागचे आधार-बेअरिंग मोकळ्या पात्यापासून सुमारे अर्धा मिलिमीटर दूर असावे. लाकूड रेटल्यावरच ते फिरू लागले पाहिजे. यानंतर टेबल पात्याशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहावे.

चाके शेवटी

वरील सात पायऱ्या पार पाडल्यावर बहुतेक दोष नाहीसे होतात. ते राहिले तरच चाकांच्या मांडणीकडे वळावे. चाकांवर संशय घेण्यास सबळ खुणा आहेत. कलाची मूठ शेवटच्या टोकापर्यंत नेली तरी पाते मध्यावर येत नाही. वरच्या चाकावर पाते मध्यावर असताना खालच्या चाकाच्या अगदी कडेवर चालते. अथवा दोन वेगवेगळी, चांगल्या जोडाची पाती सारखीच सरकतात. एकाच पात्यावरून चाकांना दोष देऊ नये.

चाकांची पातळी ताण दिलेल्या स्थितीतच तपासावी, कारण ताणाखाली चौकट थोडी वाकते आणि सैल अवस्थेतील माप निरुपयोगी ठरते. दोन्ही चाकांच्या बाहेरील कडांवर एकदम टेकेल अशी लांब, खात्रीची सरळपट्टी घ्यावी आणि मधल्या तुंब्यांना चुकवून उभी धरावी. पट्टी वरच्या चाकाच्या दोन आणि खालच्या चाकाच्या दोन अशा चारही जागी टेकली, तर चाके एका पातळीत आहेत. वरच्या चाकावर एकाच जागी टेकत असेल, तर दोष कलाचा आहे. तो मुठीने दूर होतो. एका चाकावर दोन्ही जागी टेकून दुसऱ्या चाकापाशी वर आणि खाली सारखीच फट राहिली, तर एक चाक दुसऱ्याच्या मागे आहे. ही फट मोजून, तेवढ्याच जाडीचा वायसर मागे असलेल्या चाकाच्या तुंब्यामागे घालावा लागतो. खालच्या चाकाचा संबंध मोटारीच्या पट्ट्याशी असल्यामुळे, शक्य असेल तेथे ही दुरुस्ती वरच्या चाकावर करणे सोयीचे. वायसर घातल्यावर नटाचे आटे पूर्णपणे बसतात की नाही हे अवश्य पाहावे; अर्धवट बसलेला नट फिरत्या चाकासह सुटू शकतो. काही यंत्रांत या नटाचे आटे उलटे असतात, म्हणून बळ लावण्यापूर्वी उत्पादकाची पुस्तिका पाहावी.

दोन्ही चाके तंतोतंत एका पातळीत असलीच पाहिजेत काय, याविषयी कारागिरांत मतभेद आढळतात. कल देऊन पाते चालवायचे म्हटले, की वरचे चाक त्या पातळीतून किंचित ढळणारच. फुगीर धाव आणि अरुंद पाते असलेल्या यंत्रात एवढा फरक बाधत नाही. पाते जसजसे रुंद होते तसतसे ते आडवे वाकण्यास विरोध करते, आणि मग चाकांतील फरक त्याला मानवत नाही. ६ मिलिमीटर पात्याने उत्तम चालणारे यंत्र २० मिलिमीटर पाते चढवताच बंड करते, त्याचे कारण हे होय. म्हणून चांगले चालणारे यंत्र केवळ नियमासाठी खोलू नये. आणि न चालणारे यंत्र मात्र मोजल्यावाचून खोलू नये. वखारीतील मोठ्या आरायंत्रांची चाके व पाती निराळ्या घडणीची असतात. त्यांना येथे दिलेले नियम जसेच्या तसे लावू नयेत.

खडूच्या दोन खुणा

पाते पुढेमागे डोलत असेल, तेव्हा दोष पात्यात आहे की चाकात, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. विद्यार्थ्यांकडून ती अवश्य करून घ्यावी. पात्याच्या जोडावर खडूची एक खूण करावी आणि वरच्या चाकाच्या कडेवर दुसरी. वीज तोडलेली असताना चाक हाताने सावकाश फिरवावे आणि पाते केव्हा हलते ते पाहावे.

समजा, एका तांत्रिक शाळेतील चौदा इंची यंत्राचे पाते २,३७५ मिलिमीटर लांबीचे आहे. चाकाचा परीघ सुमारे १,१०० मिलिमीटर. म्हणजे पात्याचा एक फेरा पुरा होण्यास चाक दोनदा फिरून आणखी थोडे फिरते. पाते दर वेळी पात्यावरील खूण येताच डोलत असेल, तर जोड वाकडा आहे; पाते बदलावे. चाकावरील खूण विवक्षित जागी येताच, म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला, डोलत असेल, तर त्या चाकाची धाव उंचसखल आहे किंवा चाकच डुगडुगते. वरच्या चाकाच्या खुणेशी मेळ बसत नसेल, तर खालच्या चाकावर खूण करून पुन्हा पाहावे. आणि डोलणे कशाशीच जुळत नसेल, तर ताण कमी आहे किंवा बेअरिंग सैल आहे असे समजावे. खडूच्या एका कांडीने झालेले हे निदान पाचशे-हजारांच्या अनावश्यक खरेदीपासून संस्थेला वाचवते.

काप तिरका जातो तेव्हा

पाते जागेवर चालते, तरी काप रेघ सोडून एका अंगाला जातो, ही दुसरी नित्याची तक्रार. करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात. एका बाजूचे दात खिळ्यावर घासून बोथट झाले, की पाते धारदार बाजूकडे ओढले जाते. जुने लाकूड कापण्यापूर्वी खिळे शोधून काढण्याचा आग्रह म्हणूनच धरावा. दुसरे कारण घाई. दातांमधील घळीत जितका भुसा मावतो त्याहून अधिक लाकूड रेटले, तर भुसा दाबून बसतो आणि पाते वाट सोडते. जाड लाकडास मोठ्या घळीचे, इंचाला तीन दातांचे पाते योग्य. मात्र पातळ फळी कापताना तिच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत.

वळण कापण्यासही पात्याची रुंदी ठरलेली असते. ६ मिलिमीटर रुंदीचे पाते सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते. १२ मिलिमीटर पात्याला सुमारे ६३ मिलिमीटर त्रिज्या लागते. रुंद पात्याने लहान वळण बळेच घेतले, की पाते पिळवटते आणि चाकावरून मागे ओढले जाते. अशा वेळी दोष यंत्राचा नसतो, निवडीचा असतो.

पात्याच्या जाडीचाही विचार व्हावा. पाते चाकावरून वाकताना त्यात निर्माण होणारा वाकण्याचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर ताण दुप्पट. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारे एक सहस्रांश असावी, असा जुना ढोबळ संकेत आहे. लहान यंत्रांवर बहुधा त्याहून जाड पाती चढवली जातात, आणि ती तडकतात. मोठ्या यंत्राचे उरलेले पाते कापून, जोडून लहान यंत्रावर चढवणे ही काटकसर नव्हे.

लाकडाचा आणि बोटांचा हिशेब

जुळणीचा प्रश्न पैशात मांडला तर त्याचे महत्त्व अधिक पटते. ९२ मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यातून २० मिलिमीटरच्या तयार फळ्या काढायच्या आहेत. दोन्ही अंगांना रंध्यासाठी एकेक मिलिमीटर धरून प्रत्येक फळी २२ मिलिमीटरची पाडावी लागते. चार फळ्यांचे ८८ आणि तीन कापांचे एकेक मिलिमीटर मिळून ९१ मिलिमीटर होतात. ठोकळ्यातून चार फळ्या निघतात. काप ३ मिलिमीटर भरकटत असेल, तर प्रत्येक फळी २५ मिलिमीटरची धरावी लागते. आता चार फळ्यांना १०३ मिलिमीटर हवेत; ठोकळा पुरत नाही आणि तीनच फळ्या हाती येतात. चौथी फळी भुशात आणि ढलप्यांत जाते. सागवान वाढण्यास लागणारी वर्षे ध्यानी घेतली, तर ही हानी केवळ कार्यशाळेची नव्हे, वनसंपत्तीचीही आहे.

याहून मोठी हानी हाताची. सरकणाऱ्या पात्याला सांभाळण्यासाठी कारागीर लाकूड अधिक जोराने धरतो, हात पात्याजवळ नेतो, आणि पाते अचानक सुटते किंवा तुटते. जुळलेले यंत्र हाताला बळ लावू देत नाही. त्यामुळे हात दूर राहतो. यासाठी काही दंडक कसोशीने पाळावेत. दोन्ही चाकांची दारे बंद असल्याखेरीज यंत्र चालू होऊ नये. वरचा मार्गदर्शक लाकडाच्या पृष्ठभागापासून ५ ते ६ मिलिमीटरपेक्षा अधिक वर ठेवू नये, म्हणजे उघडे पाते कमीत कमी राहते. शेवटचा भाग ढकलण्यास लाकडी काठी वापरावी. पात्याच्या रेषेत बोट ठेवू नये. सैल बाही, उपरणे, ओढणी आवरून घ्यावी. टकटक असा नियमित आवाज येऊ लागला तर पात्याला तडा गेला आहे असे समजून यंत्र तत्काळ बंद करावे. आणि पाते तुटले तर चाके पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नये.

नोंदवहीची सवय

यंत्राशेजारी एक नोंदवही टांगलेली असावी. तारीख, चढवलेल्या पात्याची रुंदी, आढळलेला दोष, केलेला बदल आणि त्याचा परिणाम एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा, मग दुसरा. यामुळे चुकीचा बदल परत फिरवता येतो, आणि नव्याने आलेल्या निदेशकाला यंत्राचा पूर्वेतिहास कळतो. सुटीत यंत्र दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर पात्याचा ताण सैल करून ‘ताण सैल आहे’ असा फलक बटणावर लावावा. सतत ताणाखाली उभ्या राहिलेल्या चाकाच्या धावेला खळगा पडतो. आणि फलक नसल्यास सैल पात्यावर यंत्र चालू होण्याचा धोका असतो.

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि शाळा-समितीवरील पंचायत सदस्यांनीही ही वही पाहावी. ‘यंत्र नादुरुस्त’ असा शेरा वाचून नव्या खरेदीचा प्रस्ताव पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे अवघड नाही : नवे पाते लावून पाहिले काय? धाव स्वच्छ केली काय? मार्गदर्शक मागे घेऊन पाते मोकळे फिरवले काय? चाकांची पातळी ताणाखाली मोजली काय? या चारही प्रश्नांची उत्तरे वहीत मिळाली आणि दोष तरीही कायम असला, तर खर्च अवश्य मंजूर व्हावा. चौकट वाकलेली किंवा आस झिजलेला असू शकतो, आणि तेथे घरगुती उपाय चालत नाहीत. उत्तरे नसतील, तर प्रथम पाते, धाव, ताण आणि कल या क्रमाने एक सकाळ खर्ची घालावी. बहुसंख्य यंत्रांना तेवढीच गरज असते. बंद दारामागे धूळ खात उभे असलेले यंत्र पुन्हा चालू झाले, तर शाळेतील मुलांना फळी कशी पडते एवढेच नव्हे, तर दोष कसा शोधावा हेही हाताने शिकता येईल. सुतारकामात नव्हे, कोणत्याही यंत्रकामात ही शिकवण जन्मभर उपयोगी पडणारी आहे.